जेवणानंतरची स्त्री

संमेलन तालुक्याचं असो, जिल्ह्याचं असो की अखिल भारतीय, कार्यक्रमपत्रिका हातात पडली की आम्ही आधी दुपारचे अडीच शोधतो. ती तिथे हमखास असते. ‘मराठी साहित्यातील बदलती स्त्री’, ‘आजची स्त्री : आव्हाने आणि दिशा’, ‘स्त्रीवाद : काल, आज आणि उद्या’. सकाळचं उद्घाटन मंत्र्यांचं, संध्याकाळचं कविसंमेलन कवींचं, रात्रीची लावणी रसिकांची. मधल्या वेळात मसालेभात, जिलेबी आणि मठ्ठा रिचवलेली शे-दीडशे माणसं पंखा कुठे फिरतोय ते बघून खुर्च्या धरत असतात. ही वेळ मराठी सारस्वताने स्त्रीमुक्तीसाठी राखून ठेवली आहे.

काही भगिनींचा यावर आक्षेप असतो. त्यांनी जरा समजून घ्यावं. स्त्रीचा प्रश्न स्फोटक आहे. उपाशीपोटी ऐकवला तर माणसं अंगावर येतात. पोट भरलेलं आणि डोळे पेंगुळलेले असले की ‘पितृसत्ताक व्यवस्था’ वगैरे शब्द कानावरून सुखरूप निघून जातात, कुणाच्या केसालाही धक्का लागत नाही. शिवाय उद्घाटनाचे पाहुणे दीड तास उशिरा येणार हे ठरलेलं. तो दीड तास कुठल्या तरी सत्रातून वळता करून घ्यावाच लागतो. कविसंमेलनातून घ्यायला गेलं तर कवी आयोजकांच्या घरी जाऊन कविता वाचतील.

परवा अशाच एका तालुका संमेलनाला आम्ही गेलो होतो. सकाळी ग्रंथदिंडी निघाली. पुढे नऊवारी नेसलेल्या, फेटे बांधलेल्या बायका. काहींच्या डोक्यावर तुळशीवृंदावन, काहींच्या हातात लेझीम. ग्रंथांची पालखीसुद्धा एसटी स्टँडपासून बाजारपेठेपर्यंत बायकांच्याच खांद्यावर होती, कारण पुरुष मंडळी फोटोसाठी पुढे निघून गेली होती. ग्रंथ मंडपात पोचले, बायका घाम पुसत मागच्या रांगांत बसल्या आणि व्यासपीठावर अकरा पुरुष स्थानापन्न झाले. मराठी साहित्याचा भार स्त्रियांनी किती समर्थपणे पेलला आहे, याबद्दल आमच्या मनात तेव्हापासून शंका उरलेली नाही.

स्वागताध्यक्ष म्हणून पत्रिकेवर गावच्या सरपंचताईंचं नाव होतं. भाषण यजमानांनी केलं. ‘आम्ही सरपंच झालो तेव्हा गावात एक गटार धड नव्हतं,’ असं ते सांगत होते, तेव्हा ताई चौथ्या रांगेत धाकट्याच्या हातातून चिप्सचं पाकीट सोडवत होत्या. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींत बायकांना एक तृतीयांश जागा दिल्या, महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्यावर नेल्या. सरपंचपती हे पद त्या कायद्यात कुठेही नाही. ते बोलेरोच्या मागच्या काचेवर आहे. कविता महाजनांनी २००५ साली ‘ब्र’ कादंबरीत आदिवासी पाड्यांवरच्या महिला सरपंचांना खुर्चीत बसून तोंड उघडायला काय काय भोगावं लागतं ते लिहून ठेवलं. यजमानांनी ती वाचलेली नसावी. पुस्तकांच्या स्टॉलची फीत मात्र त्यांनीच कापली.

अडीचचं सत्र सव्वाचारला सुरू झालं. अध्यक्ष निवृत्त प्राचार्य. वक्त्यांत एक समीक्षक, एक पत्रकार, एक कविमनाचे गटविकास अधिकारी आणि कोपऱ्याच्या खुर्चीत एक बाई. निवेदकाने समीक्षकांची चौदा पुस्तकं सालासकट सांगितली. पत्रकारांचे पुरस्कार सांगितले. बाईंबद्दल ‘हसतमुख व्यक्तिमत्त्व, घरसंसार सांभाळून लेखन करतात’ एवढं सांगून तो खाली बसला. बाईंची सहा पुस्तकं आहेत आणि आम्ही पाहिलं तोवर त्या एकदाही हसल्या नव्हत्या. समीक्षकांचा घरसंसार कोण सांभाळतं हे विचारायला कुणी उठलं नाही. चौदा पुस्तकं झाली आहेत म्हणजे कुणीतरी सांभाळत असणारच.

प्राचार्यांनी प्रास्ताविकातच जाहीर केलं, ‘कसला पुरुषप्रधान समाज घेऊन बसलात? आमच्या घरात हायकमांड आत आहे!’ मंडप हसला. हा विनोद झाल्याशिवाय स्त्रीविषयक सत्र सुरू झालं असं नियामक मंडळ मानत नसावं. मग त्यांनी स्त्रीच्या प्रगतीचा आढावा घेतला. ती विमान चालवते. ती पोलीस झाली. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळाच्या नावात सरकारी कागदावर आईचंही नाव आलं. (आलं खरं. बाळाचं, मग आईचं, मग बापाचं आणि शेवटी बापाचंच आडनाव. आईला घरात घेतलं, दारावरची पाटी तीच राहिली.) हे सगळं चालू असताना व्यासपीठाच्या कडेला शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्हाचं ताट धरून हायस्कूलच्या दोन मुली उभ्या होत्या, मोठ्यांच्या साड्या पिना लावून नेसवलेल्या. सकाळपासून तेवीस सत्कार झाले होते. ‘आजची मुलगी आकाशाला गवसणी घालते आहे,’ या वाक्याला एकीच्या हाताला रग लागली म्हणून तिने ताट दुसरीकडे दिलं.

‘प्राचार्यांच्या बहिणीने गेल्याच महिन्यात हक्कसोड करून दिलं,’ शेजारचे गृहस्थ आमच्या कानाशी म्हणाले. ते दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर टायपिंग करतात, त्यामुळे तालुक्यातल्या स्त्रीमुक्तीची त्यांच्याइतकी पक्की खबर कुणाकडे नसते. महाराष्ट्राने १९९४ साली आणि मग अख्ख्या देशाने २००५ साली वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा वाटा दिला. तेव्हापासून भावांच्या मायेला जो पूर आला आहे तो ओसरायचं नाव नाही. पूर्वी बहीण भाऊबीजेला आठवायची. आता सातबाऱ्यावर वारसांची नोंद लागली की भाऊ स्वतः गाडी घेऊन तिच्या दारात. ऑफिसात कॅमेऱ्यासमोर बसवून फोटो, यंत्रावर अंगठा, दोन साक्षीदार, आणि कागदावर आधीच टाइप केलेलं वाक्य : कोणत्याही दडपणाशिवाय, राजीखुशीने. वहिनी बाहेर थांबलेली असते. काम झालं की सगळे मिळून मिसळ खातात. परतताना बहिणीला साडी. ती साडी किती गुंठ्यांना पडली हा हिशेब करायचा नसतो, माहेर म्हणजे का बाजार आहे?

‘नाही म्हणणारी एखादी येते का?’ आम्ही विचारलं.

‘येते की. पण तिला मग कुणी लग्नाला बोलवत नाही,’ ते म्हणाले आणि पुडीतली सुपारी तोंडात टाकून प्राचार्यांसाठी टाळ्या वाजवू लागले.

समीक्षकांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’वर पंचवीस मिनिटं घेतली. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ काढलं आणि त्यात यमूची कहाणी यमूच्याच तोंडून क्रमशः छापली. कादंबरी फार मोठी आहे, तिच्याबद्दल थट्टा नाही. ज्याने ती वाचून डोळे पुसले नाहीत त्याने स्वतःला तपासून घ्यावं. यमू सोसते, रडते, केशवपनाच्या वस्तऱ्याखाली जाते आणि मरून जाते. अख्ख्या महाराष्ट्राने तिच्यासाठी रडून घेतलं. यमूचा फायदा असा की ती वाचकावर खेकसत नाही. तिला वाचणाऱ्या भल्या माणसाला आपण सासरकडच्या दुष्टांपैकी नसून हरिभाऊंच्या बाजूचे आहोत, असं वाटत राहतं. समीक्षक बोलता बोलता गहिवरले. ‘आवरा’ म्हणून त्यांना कुणी चिठ्ठी पाठवली नाही.

मग बाई उठल्या. त्यांनी यमूच्या आठ वर्षं आधीची गोष्ट काढली आणि मंडपातल्या दोन-तीन माना वर आल्या. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला अर्भकहत्येसाठी फाशी सुनावली गेली, पुढे ती शिक्षा कमी झाली. लगोलग वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीच्या चालीरीतींची झडती सुरू झाली. हे वाचून बुलढाण्यात ताराबाई शिंद्यांचं पित्त खवळलं. त्यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. पाचशे प्रती, किंमत नऊ आणे. एवढे दुर्गुण बायकांच्या नावावर मांडता, तर तेच तुमच्यात किती आहेत ते बघू या म्हणून त्यांनी पुरुषांचीच झडती घेतली. शास्त्रं सोडली नाहीत, देव सोडले नाहीत, आणि त्या काळच्या नाटककादंबऱ्यांतून रंगवलेल्या बायकांचाही समाचार घेतला. ‘साहित्यातील स्त्री’ या विषयावरचं मराठीतलं हे पहिलं खणखणीत भाषण म्हणायला हरकत नाही, फक्त त्याला अध्यक्ष नव्हता.

पहिली चिठ्ठी इथे गेली.

ताराबाईंनी त्यानंतर दुसरं पुस्तक लिहिलं नाही. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली ‘सत्सार’मधून त्यांची पाठराखण केली. त्याच साली पुण्यात ग्रंथकारांचं दुसरं संमेलन भरलं, त्याचं निमंत्रण मात्र जोतीरावांनी नाकारलं. म्हणजे ताराबाईंची बाजू घेणारा एक मोठा माणूस होता, तो संमेलनाच्या मांडवात आलाच नाही. पुस्तक मग थेट १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रसिद्ध केलं. मधली ९३ वर्षं आपण काय करत होतो असं कुणी विचारू नये. यमूसाठी रडत होतो. एका वेळी किती बायकांकडे लक्ष देणार?

बाई पुढे १९३३वर आल्या. ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं, लेखिका विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या प्रौढ मुलींना काय वाटतं ते त्यात होतं. त्यांना काही वाटतं, हीच मुळात बातमी होती. पुस्तकाने खळबळ माजवली आणि कथांत काय लिहिलंय यापेक्षा ही विभावरी आहे कोण, याचा तपास जोरात चालला. मराठी टीकेच्या इतिहासात इतक्या निष्ठेने संशोधन क्वचितच झालं असेल. त्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. १९८१ साली त्या संमेलनाध्यक्ष झाल्या. मुंबईतल्या समांतर संमेलनाच्या. अधिकृत संमेलनाला त्यांना त्या खुर्चीवर बसवणं जमलं नाही. रांग मोठी असते.

रांगेचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. १८७८ साली न्यायमूर्ती रानडे पहिले अध्यक्ष झाले. १९६१ साली ग्वाल्हेरला कुसुमावती देशपांडे झाल्या. अवघ्या ८३ वर्षांत! मग १९७५ साली कराडला दुर्गाबाई भागवत. आणीबाणी लागलेली, केंद्रात मंत्री असलेले यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष, आणि दुर्गाबाई लेखनस्वातंत्र्यावर तिथल्या तिथे बोलल्या. संमेलनाची अशी समजूत होती की बाई निवडली आहे तर ती लोकसाहित्य, ऋतू, गोधड्या यांवर बोलेल. पुढे त्यांना अटकही झाली. त्यानंतरची बाई अध्यक्षपदावर यायला २१ वर्षं लागली, हा निव्वळ योगायोग. १९९६ साली आळंदीला शांता शेळके, २००१ साली इंदूरला विजया राजाध्यक्ष, २०१९ साली यवतमाळला अरुणा ढेरे, २०२५ साली दिल्लीला तारा भवाळकर. दिल्लीपर्यंत ९८ संमेलनं, सहा बायका. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना पाठ करायला किती सोपं! पुरुष पाठ करायचे म्हटले तर क्लास लावावा लागतो.

बाईंच्या हातात तोवर तीन चिठ्ठ्या झाल्या होत्या. त्यांनी त्या व्यवस्थित घडी घालून पर्समध्ये ठेवल्या आणि बेबी कांबळ्यांचं नाव घेतलं. प्राचार्यांनी घंटी वाजवली. बाई थांबल्या नाहीत. फलटणला दुकानात बसून बेबीताई लिहीत होत्या आणि लिहिलेलं घरच्यांपासून लपवून ठेवत होत्या, वीसेक वर्षं. ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपाने आलं १९८६ साली. त्यात महारवाड्याबाहेरच्यांनी महारवाड्याचे केलेले हाल आहेत आणि महारवाड्यातल्या नवऱ्यांनी बायकांचे केलेले हालही आहेत. पहिला भाग वाचून परिवर्तनवादी माना डोलावतात. दुसऱ्या भागाला त्यांना वेळेची अडचण येते. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीत उतरलेल्या बायकांना गावोगाव शोधून बोलतं केलं, ‘आम्हीही इतिहास घडवला’ १९८९ साली काढलं, कारण तोवर त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. बाई इथवर आल्या आणि माइक बंद पडला. आम्ही कुणावर आरोप करत नाही. माइकला उन्हाचा त्रास होतो, हे ध्वनिव्यवस्थावाल्याने नंतर सांगितलं. गटविकास अधिकाऱ्यांच्या वेळी ऊन उतरलं होतं.

गटविकास अधिकाऱ्यांनी ‘आई’ ही स्वतःची कविता म्हटली. त्याबद्दल आणखी काही सांगण्यासारखं नाही.

पत्रकारांचा सिद्धान्त ठाम होता : स्त्रीच स्त्रीची शत्रू. पुरावा म्हणून त्यांनी मालिका दिल्या. रोज रात्री घराघरांत सून सोसते, सासू छळते, नणंद काड्या करते. यात पुरुष आहे कुठे? निरीक्षण अचूक आहे. पुरुष मालिकेत नसतो, तो ऑफिसला गेलेला असतो आणि परत आला की त्याला काही माहीत नसतं. चांगली बाई साडीत झोपते आणि मंगळसूत्रासकट उठते. वाईट बाई ओळखायला अवघड जाऊ नये म्हणून तिला बिनबाह्यांचं ब्लाउज आणि स्वतःचा धंदा दिलेला असतो. ‘चार दिवस सासूचे’ २००१ साली सुरू झाली आणि ते चार दिवस संपायला अकरा वर्षं लागली, सुनेचे कधी आले ते कळलं नाही. एकदा एका मालिका-लेखकाला आम्ही विचारलं होतं, तुमची नायिका पोलिसात का जात नाही? तो म्हणाला, ‘गेली तर बुधवारी संपेल ना.’ यातला प्रामाणिकपणा आम्हाला अनेक परिसंवादांपेक्षा मोलाचा वाटतो.

समारोपाला प्राचार्य बहिणाबाईंवर आले. येतातच. ‘एक अक्षर लिहिता येत नव्हतं त्या माउलीला! आणि आमच्या आजच्या लेखिका, डिग्र्यांवर डिग्र्या, पण बोलण्यात नुसता विखार.’ हे म्हणताना त्यांनी कोपऱ्यातल्या खुर्चीकडे पाहिलं नाही, इतके ते सभ्य आहेत. बहिणाबाई १९५१ साली गेल्या. मुलाने, सोपानदेवांनी, आईची गाणी उतरवून ठेवली होती. आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने १९५२ साली त्यांचं पुस्तक झालं. त्या गाण्यांतला संसाराचा, माणसाच्या हावरेपणाचा आणि मनाच्या खोडीचा हिशेब इतका रोखठोक आहे की तो शांतपणे वाचला तर प्राचार्यांना पुन्हा हायकमांडवर विनोद करवणार नाही. पण त्यांना गाणी नको आहेत, चित्र हवं आहे : डोईवर पदर, पुढ्यात जातं, हातात पेन नाही, हयातीत पुस्तक नाही, मानधनाची पावती नाही. अशी कवयित्री कुणाला आवडणार नाही?

पसायदान झालं. आभार मानताना कार्यवाहांनी मंडपवाले, जेवणवाले, पोलीस ठाणे आणि ‘ज्यांच्याशिवाय हे सत्र शक्य नव्हतं त्या तमाम स्त्रीजातीचे’ आभार मानले.

पुढच्या आठवड्यात संमेलनाच्या आढावा बैठकीला आम्हालाही बोलावलं होतं. जमाखर्च वाचून झाला. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक गुरुजीबाई सभासद आहेत. बैठकीत त्या बहुधा चहाचे कप मोजतात असा आमचा समज होता. त्या म्हणाल्या, ‘पुढच्या वर्षी अडीचला "मराठी साहित्यातील बदलता पुरुष" असं सत्र ठेवू. चार बाया बोलतील, एक पुरुष कोपऱ्यात बसवू. ताट धरायला मुलगे उभे करू.’

खजिनदार म्हणाले, विषय चांगला आहे, पण पुरुष बदललाय कुठे? मग समजा बाया बोलल्याच, तर बोलणार कशावर? समीक्षकांनी पुरेशी संदर्भसामग्री उपलब्ध नसल्याचं निदर्शनास आणलं. प्राचार्यांनी उपसमिती नेमली, तिच्यात स्वतःसह तिघे घेतले आणि गुरुजीबाईंना निमंत्रक केलं, म्हणजे पत्रं त्या लिहितील. ताटाचा मुद्दा किरकोळ असल्याने तेवढा तिथल्या तिथे एकमताने मंजूर झाला. महिला दिनाच्या कार्यक्रमात तो अमलात आणून बघायचं ठरलं आणि हायस्कूलला तसं पत्रही गेलं.

शाळेने दोन मुलगे सुचवले होते. दोघांच्याही घरून निरोप आला, दहावीचं वर्ष आहे, क्लास बुडवता येणार नाही. त्यामुळे ८ मार्चला ताट त्याच दोन मुलींनी धरलं. त्याही दहावीलाच आहेत.